हिरव्या ठिपक्यांचा भरवसा

कुंभारवाडी फाट्यावरच्या बेदाणा शेडमध्ये द्वारकाक्काचा बत्ता माहीत नाही अशी बाई नव्हती. खलबत्त्यातला साधा लोखंडी बत्ता. दुपारचे डबे मिटले की आक्का पिशवीतून तो काढायची, पुढ्यात उभा धरायची आणि त्यावर निरोध चढवून दाखवायची. टोक चिमटीत धरायचं, हवा राहू द्यायची नाही, पार मुळापर्यंत उतरवायचा. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या.

"आक्का, एवढा गप नवरा कुठं मिळतो, पत्ता द्या की!"

"मिळाला तरी लोखंडाचाच मिळंल," आक्का म्हणायची. "हसा खुशाल. पण घरी गेल्यावर घालायला लावा."

हसणाऱ्यांतल्या कितीतरी जणी एचआयव्ही पॉझिटिव्ह होत्या. आक्का स्वतः होती. तिचा नवरा बोअरच्या गाडीवर गावोगाव फिरायचा. त्यानं दुखणं घरी आणलं आणि कशानं मरतोय हे न कळताच तो गेला. आक्काला कळलं तेव्हा तिची मुलगी प्रणाली वर्षाची झाली होती आणि अंगावर पीत होती. दुधातून ते लेकीतही उतरलं होतं. त्यानंतर आक्कानं एकच काम धरलं. आपल्यासारख्या बायकांना गोळ्या चुकवू द्यायच्या नाहीत आणि त्यांच्याकडून पुढं कुणाला ते जाऊ द्यायचं नाही.

या कामात तिच्या हाताशी खरं म्हणजे एकच हत्यार होतं. नवऱ्याला प्रेमानं सांगून पाहा, रुसून पाहा, रडून पाहा, तो ऐकत नसे. पण 'घाल, नाहीतर तुलाही होईल' म्हटलं की निमूट हात पुढं करी. घरात बाईच्या शब्दाला किंमत नव्हती, पण तिच्या रक्ताला लोक घाबरत होते. त्या भीतीच्या आडोशाला कितीतरी बायका सुखानं झोपत होत्या.

मग पुण्याहून डॉक्टर केतकी बर्वे शाई घेऊन आल्या.

थंड पेटीतली इवलीशी कुपी होती ती. डॉक्टरीणबाईंनी शेडमध्येच सतरंजीवर बसून समजावलं. रक्तातला विषाणू जागा असला की तो स्वतःच्या लाखो नकला काढतो, आणि त्या कामात त्याच्या कवचाचे तुकडे अंगभर सांडत राहतात. गोळी नेमानं घेतली की तो झोपी जातो. मरत नाही, पण नकला काढणं थांबवतो, आणि मग संबंधातून तो दुसऱ्याकडे जात नाही. आजवर तो जागा आहे की झोपलेला, हे कळायला रक्त काढावं लागे, ते मोठ्या गावाला पाठवावं लागे आणि वाट बघावी लागे. या शाईत डोळ्यांना न दिसणारे बारीक दाणे होते. कातडीखाली ते हिरवे राहत. कवचाचे तुकडे येऊन चिकटू लागले की उलायचे आणि आतला तपकिरी रंग सुटायचा. विषाणू पुन्हा झोपला की आठ-पंधरा दिवसांत शाई तो तपकिरी रंग खाऊन टाकी आणि हिरवी होई.

"म्हणजे बाईच्या हातावरच तिचा रिपोर्ट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दंडावर बोटभर पट्टी काढू."

"पट्टी काढली की गाव विचारंल, ही कसली," आक्का म्हणाली. "मग तिनं काय सांगायचं? त्यापरीस पाच ठिपके गोंदा मनगटावर. आमच्याकडं निम्म्याअर्ध्या बायकांच्या असतात. त्यातली कुठली कसली, कोण ओळखतंय?"

मध्यंतरी गोंदण मागं पडलं होतं, पण अलीकडे पोरींना त्याची पुन्हा हौस आली होती. आक्काची आई जत्रांतून गोंदत फिरायची. आक्काचा हातही त्यात बसलेला होता. डॉक्टरीणबाईंना ते पटलं, इतकं की टोचायचं कामही त्यांनी आक्काकडेच दिलं. फाट्यावरच्या, आसपासच्या वाड्यांवरच्या बायका आक्कासमोर मनगट धरून बसल्या. हिरव्या ठिपक्यांत हिरवे ठिपके मिसळून गेले.

पहिली दोन वर्षं सोन्याची गेली. गोळी आता आठवड्यातून एकच होती. ठिपके हिरवे बघून बायकांच्या जिवात जीव आला. तालुक्याला रक्तातले विषाणू मोजायचं यंत्र होतं, ते सरकारनं उचलून नेलं. ठिपके फुकटात सांगत असताना यंत्र कशाला पोसायचं? आणि प्रणालीचं लग्न झालं.

ओंकार हा पलीकडच्या शेडचा मालक. पोरगा निरोगी होता, कमावता होता. प्रणाली त्याला आवडली, आणि तिनं आपलं दुखणं पहिल्याच भेटीत सांगितलं. त्याची आई शालनबाई चार दिवस जेवली नाही. मग आक्का स्वतः गेली आणि लेकीचा हात तिच्यापुढं धरला.

"विहीणबाई, हे हिरवं आहे तोवर तुमच्या पोराला केसाएवढा धोका नाही. माझी जबान घ्या."

बोलणं खरं होतं. शास्त्राला धरून होतं. त्यात आजही कुणाला खोट काढता येणार नाही.

खोट दुसरीकडे निघाली. अशी गोष्ट गावात किती दिवस झाकून राहते? पाच ठिपक्यांचं गुपित बाप्यांपर्यंत पोहोचलं. आधी नवऱ्यांना कळलं, मग त्यांच्या मित्रांना. चहाच्या टपरीवर लोक मनगटांकडे बघून बोलू लागले. "हिरवा माल आहे," कुणी म्हणायचा, आणि बाकीचे हसायचे. शेडमध्ये बेदाण्याचाही हिरवा माल सगळ्यांत चढ्या भावाचा. घरोघरी निरोध बंद झाले. बायका म्हणायला गेल्या तर उत्तर तयार होतं: हिरवं आहे ना? मग कशाला?

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी प्रणाली आईकडे आली ती पोट धरून. अंगावरून जात होतं, लघवीला आग होत होती. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. परमा होता, म्हणजे गनोरिया, आणि तोही नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या जातीचा. तिला तो कुठून झाला हे विचारायची गरज नव्हती. ओंकार सौद्याला जाई तेव्हा दोन-दोन दिवस लॉजवर राही.

पोरगी इंजेक्शनं घेऊन बरी झाली. आक्का तिला पोहोचवायला गेली आणि जावयाशी बोलायला बसली. शालनबाई उंबऱ्यात लसूण सोलत होती.

"जावईबापू, काही दिवस निरोध वापरा. तुम्ही पण तपासून घ्या."

ओंकार हसला. "मामी, हिरवं असलं की काही होत नाही, हे तुम्हीच सांगितलंत ना या ओसरीवर बसून? आता पुन्हा बत्ता काढलात व्हय?"

"हिरवं म्हणजे तिच्याकडनं तुमच्याकडं ते दुखणं जात नाही. तेवढंच. बाकीच्या दुखण्यांचं ते काही सांगत नाही. तिला परमा आभाळातनं पडला नाही."

ओंकारचं हसू मावळलं. "म्हणजे पॉझिटिव्ह ती, आणि चौकशी माझी?"

"तसं न्हवं…"

"तसंच की हो!" शालनबाईनं सुरी खाली ठेवली. "आम्ही हिला पदरात घेतली तेव्हा गोड लागलं. हिरवं असून रबर मागती म्हणजे एक तर माझ्या पोरावर संशय, नाहीतर त्या हिरव्यात खोट. दोन्हीतलं कुठलं, ते सांगा. आणि मी नातू कधी बघायचा, ते पण सांगा."

इतकी वर्षं बाई म्हणायची, 'माझ्यात दोष आहे, तू जप.' पुरुष ते मान्य करायचा. आता तिला म्हणावं लागत होतं, 'तुझ्यात दोष असेल, मला जपू दे.' हे मान्य करणारा नवरा आक्काला अजून भेटायचा होता.

प्रणाली दाराआड उभी राहून ऐकत होती.

त्यानंतर आठ-नऊ महिन्यांनी, मालाच्या ऐन हंगामात, मदतीला आलेल्या लेकीचा हात निवडणीच्या टेबलावर पुढं आला आणि आक्काचे डोळे तिथंच थबकले. पाचही ठिपके तपकिरी होते. काळपट पडलेल्या बेदाण्यासारखे.

आक्कानं तिला हाताला धरून शेडमागं नेलं, वाळवणाच्या जाळ्यांआड.

"गोळ्या मिळाल्या न्हाईत?"

"मिळाल्या."

"मग?"

प्रणालीनं झंपरातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत गोळ्या होत्या, न घेतलेल्या.

आक्काचा हात उठला आणि लेकीच्या गालावर बसला. प्रणाली जागची हलली नाही.

"मार," ती म्हणाली. "पण ऐक. तपकिरी आलं की ते शेडवर झोपतात. घरी आले तरी निरोध घालून येतात. मी मागत नाही, आई. आपण होऊन घालतात. तुझ्या बत्त्याला जे जमलं नाही, ते याला जमतं. मग मी पुन्हा गोळी सुरू करते, हिरवं येतं, आणि पुन्हा तेच सुरू होतं."

"किती वेळा केलंस हे?"

"मोजलं नाही. आणि मी एकटी नाही. तुझ्या शेडमधली समीक्षा पण करते. वरच्या वाडीतल्या पण करतात."

"मरशील गं!"

"मरायला टाइम लागतो. परमा दोन दिसांत येतो."

लेकीला ठाऊक नव्हतं ते तिला ठाऊक होतं. आठवड्याची गोळी बंद केली तरी औषध अंगातून एकदम जात नाही. त्याचं शेपूट कितीतरी दिवस मागं राहतं. विषाणूला झोपवायला अपुरं आणि शिकवायला पुरेसं असं ते अर्धमेलं औषध असतं. त्याच्याशी झुंजता झुंजता विषाणू नकला काढतो. त्यातली एखादी नक्कल चुकते, आणि नेमकी तीच औषधाला पुरून उरते. असं चार वेळा झालं की पुढं गोळी नेमानं घेतली तरी ती पाण्यासारखी. तालुक्याच्या शिबिरात तिनं हे ऐकलं होतं आणि बायकांना सांगितलंही होतं. पण ते सांगताना ती विसरभोळ्या बायकांबद्दल बोलत होती. मुद्दाम गोळी टाकणाऱ्या बाईची तिला कल्पनाच आली नव्हती.

"आजपासनं बंद हे," ती म्हणाली.

"करते बंद. मग ज्याला ते घाबरतील असं दुसरं काहीतरी दे मला. आहे तुझ्याकडं?"

त्या प्रश्नानं आक्काचा पिच्छा पुरवला. रविवारी सकाळी तिनं लेकीला घरी बोलावलं आणि माळ्यावरून आईची गोंदणाची पत्र्याची पेटी काढली. त्या पेटीत साधी, कसलंही शास्त्र नसलेली तपकिरी शाई होती. जत्रेत विंचू नाहीतर नवऱ्याचं नाव काढायला वापरायची, तसली.

"तू गोळी घ्यायची," आक्का म्हणाली. "दर सोमवारी, माझ्यासमोर, माझ्या हातातनं. आणि हातावर मी कायमचं तपकिरी करून देते. आतनं हिरवी, वरनं तपकिरी. तो घाबरंल आणि तू जगशील."

प्रणालीनं मनगट पुढं केलं. बऱ्याच दिवसांनी ती हसली. "आई, तू भारी चाबरी हायस."

आक्कानं ठिपक्यावर ठिपका टोचला. वरची शाई खालच्या शाईवर अशी बसली की खालचं काहीच दिसेना.

उपाय लागू पडला. ओंकार निमूट निरोध वापरू लागला, तोही चिडचिड न करता. सोमवारी प्रणाली येई, आक्का तिच्या जिभेवर गोळी ठेवी, वर तांब्याभर पाणी पाजी. मग समीक्षा आली. मग वरच्या वाडीतल्या. आक्का आधी प्रत्येकीकडून गोळीची शपथ घ्यायची आणि मगच सुई उचलायची. शेडमधल्या टेबलावर आता तपकिरी ठिपकेच जास्त दिसत, आणि टपरीवरची हसणी थंडावली होती. बत्ता पिशवीत पडून होता. गेलेली भीती आपण परत आणून बायकांच्या हातात दिली, असं आक्काला वाटलं आणि तिची मान ताठ झाली.

प्रणालीला दिवस गेले होते. तपकिरीच्या आधीच्या हिरव्या दिवसांतले. तिला ते उशिरा कळलं. पाळी तशीही मागं-पुढं व्हायची.

शालनबाईनं आधी नारळ फोडला आणि मग सुनेचं मनगट बघून कपाळ बडवून घेतलं. "तपकिरी पोटात माझा नातू! हे असलं पोर मला नको. काढून टाका, नाहीतर हिला घेऊन जा." ओंकार खाली बघत होता. "डॉक्टरीणबाईंना विचारू," तेवढंच तो म्हणाला.

डॉक्टर केतकी पुढच्याच आठवड्यात आल्या. प्रणालीचा हात बघताच त्यांचा चेहरा उतरला.

"किती दिवस आहे हे असं? आजच गोळ्या बदलू. नवी औषधं कडक आहेत, उलट्या होतील, पण पर्याय नाही. बाळंतपण जिल्ह्याला, ऑपरेशननं. बाळाला अंगावर पाजायचं नाही. आणि हे सगळं घरच्यांना स्पष्ट सांगावं लागेल."

घरच्यांना सांगायचं म्हणजे काय होणार, ते आक्काला दिसत होतं. शालनबाई लेकीचं बोचकं अंगणात फेकणार. आक्कानं दार लावून घेतलं.

"बाई, घाबरू नका. ती तपकिरी माझी आहे."

"म्हणजे?"

आक्कानं पेटी पुढं ठेवून सांगितलं. डॉक्टरीणबाई संतापल्या. "तुम्ही? द्वारकाबाई, तुम्ही? अहो, त्या ठिपक्यांवर आम्ही विसंबून आहोत! यंत्र नेलं त्यांनी!" थोड्या वेळानं त्या खुर्चीत बसल्या आणि प्रणालीकडे बघत हळूच म्हणाल्या, "इतकं वाईट आहे का घरी?"

प्रणालीनं मान हलवली.

"खालचं हिरवं आहे, नक्की?"

"दर सोमवारी माझ्या हातानं गोळी देते. एक सोमवार चुकला नाही."

"आणि त्याआधी? मध्ये कधी बंद होती?"

पुण्याच्या सभेत याच बाईंनी आक्काला व्यासपीठावर बसवलं होतं. 'यांच्या वाडीत एकही बाई गोळी चुकवत नाही,' असं माईकवर सांगितलं होतं. आपल्याच पोटची पोर रुमालात गोळ्या बांधून फिरत होती, हे आक्काच्या तोंडून निघेना.

"छे," ती म्हणाली. "माझी लेक आहे ती."

प्रणालीनं आईकडे बघितलं. तोंड उघडलं. मग मिटलं.

डॉक्टरीणबाईंनी तरी रक्त काढून मुंबईला पाठवलं. आता तालुक्याला सोय नव्हती, रांग मोठी होती. "रिपोर्ट येईतो याच गोळ्या चालू ठेवू. हिरवं असेल तर हेच औषध बाळालाही सांभाळतं. बाळंतपण नेहमीसारखं, अंगावर पाजलं तरी चालेल." आणि बाहेर जाऊन त्यांनी शालनबाईला सांगितलं, की औषध लागू पडतंय, काळजी करू नका.

आक्काला सुटल्यासारखं झालं. एवढ्या मोठ्या बाईला आपण खरं सांगितलं, म्हणून तिला बरंही वाटलं.

रिपोर्टच्या आधी बाळ आलं, दिवस भरायच्याही आधी. मुलगा. फाट्यावरच्या सरकारी दवाखान्यातच बाळंतपण झालं. शालनबाईनं पेढे वाटले. प्रणालीनं पोराला छातीशी घेतलं आणि तो लगेच पिऊ लागला. 'लई अधाशी आहे गं,' आक्का म्हणाली होती.

डॉक्टरीणबाई बारशाच्या दुसऱ्या दिवशी आल्या. एकट्याच, निरोप न धाडता. ओंकारच्या ओसरीवर सगळे बसले होते. त्यांनी चहाला नको म्हटलं.

"प्रणालीचा रिपोर्ट आलाय. विषाणू जागा आहे. भरपूर. आणि तो या आठवड्याच्या गोळ्यांना जुमानत नाही, जुन्या रोजच्यांनाही नाही. असा विषाणू एका दिवसात तयार होत नाही." त्यांनी आक्काकडे बघितलं. "गोळ्या बंद-चालू, बंद-चालू झाल्यावरच होतो."

"बाळाचं रक्त मी जन्मताच दवाखान्यात काढून तातडीनं पाठवलं होतं. त्यातही आहे."

शालनबाईच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा: "आणि माझ्या ओंकारचं?"

"त्याचंही तेव्हाच पाठवलं होतं. ते स्वच्छ आहे."

"देवा, माझं पोरगं वाचलं!" तिनं हात जोडले आणि भिंतीला टेकून रडली. आनंदानं. निरोधानं आपलं काम चोख केलं होतं. या सगळ्यात ज्याला वाचवायचं असं कुणाच्या मनात नव्हतं, तो वाचला होता.

संध्याकाळच्या आत प्रणाली पोरासह आईच्या दारात आली. ओंकारनं गाडीतून आणून सोडलं आणि पिशवी उंबऱ्यावर ठेवून तो गेला. डॉक्टरीणबाई तिच्याबरोबर होत्या. नवी औषधं जिल्ह्याला मिळणार होती. पोराला दर महिन्याला तिथंच न्यावं लागणार होतं.

"बाळाला ठिपके टोचायला हवेत," त्या आक्काकडे न बघता म्हणाल्या. "इतकं लहान मनगट. दुसऱ्या कुणाचा हात इतका हलका नाही…"

आक्का उठली. थंड पेटीकडे वळली.

"न्हाई," प्रणाली म्हणाली.

"अगं, हलक्या हातानं…"

"न्हाई म्हटलं ना. मला तू दिलंस तेव्हा तुला माहीत नव्हतं. त्याला दिलं तेव्हा दोघींना माहीत होतं. तू बोलली नाहीस, म्हणून मी पण बोलले नाही. तुझी मान खाली जाईल म्हणून." तिचा आवाज चढला नाही. "त्याचं रक्त तपासा, बाई. दर वेळी. रांग असली तर रांगेत बसते. याच्या हाताला कुणी शाई लावायची नाही."

तिनं पिशवी उचलली आणि ती डॉक्टरीणबाईंच्या गाडीत जाऊन बसली. जिल्ह्याला बायकांच्या संस्थेचं वसतिगृह होतं, तिथं ती राहणार होती. गाडी वळेपर्यंत आक्का दारात उभी होती. लेकीनं मागं बघितलं नाही.

दोन दिवस आक्का शेडवर गेली नाही. तिसऱ्या दिवशी ती उठली आणि घरोघर फिरून, खोटी तपकिरी काढून दिलेल्या प्रत्येक बाईला प्रणालीचं झालं ते सांगून आली. काहीजणी रडल्या. काहींनी दार लावून घेतलं. जिल्ह्याला जाऊन रक्त तपासून यायला मात्र एखाद-दुसरीच तयार झाली. हंगामात खाडा कोण करतंय?

दुसऱ्या दिवशी दुपारी वरच्या वाडीतली प्राजक्ता आली. लग्न होऊन सहा महिने झालेली, अंगानं किडकिडीत. ठिपके हिरवेगार होते. गळ्याखाली दाताचा वण होता, तो पदरानं झाकता झाकत नव्हता.

"आक्का, मला पण तपकिरी करून द्या."

"आता करत न्हाई मी. ऐकलं न्हाईस का माझ्या लेकीचं?"

"ऐकलं."

"मग?"

"मग काय? मला तपकिरी लागतंय. तुम्ही दिलं तर खोटं. न्हाई दिलं तर खरं आणते. गोळ्या टाकल्या की तीन हप्त्यांत येतंय, असं बायका म्हणतात."

"कधी टाकल्यात का आजवर?"

"अजून तर न्हाई."

ती उंबऱ्यावरच बसली होती, जायच्या तयारीत. तिला आता कुठलं भय घालायचं? मरणाचं घालून झालं होतं, पोराचंही घालून झालं होतं. त्या दोन्हींहून मोठं काहीतरी तिच्या घरी रोज दिवेलागणीला दार लावून घेत होतं.

आक्का दारातून बाजूला सरली. मग म्हणाली, "आत ये. पाठमोरी बस. अंबाडा सोड."

"मनगटावर की हो…"

"मनगटाचं नंतर. मान वाकव."

तिनं थंड पेटीतली खरी शाई काढली. मानेवर, केस जिथं सुरू होतात त्याच्या वर, बोटभर जागा वस्तऱ्यानं भादरली आणि तिथं एकच ठिपका टोचला. हिरवा. केस सोडले की दिसेनासा व्हायचा.

"हा खरा," ती म्हणाली. "नवऱ्याला दिसायचा न्हाई, तुला पण दिसायचा न्हाई. दर सोमवारी येऊन माझ्याकडनं वेणी घालून घ्यायची. हा बदलला तर मी तुला धरून जिल्ह्याला नेणार, मग हंगाम असो नाहीतर तुझं लगीन मोडो. कबूल?"

"कबूल."

मग तिनं मनगट मांडीवर घेतलं आणि पत्र्याची पेटी उघडली.

प्राजक्तानं मानेमागं बोट लावून बघितलं, आणि चेहरा एकदम खुलला. "अगं बया! वरनं खोटं, आतनं खरं, आणि बघणारी तुम्ही! काय डोस्कं हाय हो आक्का तुमचं. कसं सुचतं एवढं?"

आक्कानं मान वर केली नाही. पाचवा ठिपका पुरा होईपर्यंत तिनं सुई चालू ठेवली.